खाली नको

गेल्या महिन्यात आमच्या कोथरूडच्या घरात नवे कपाट करून घ्यायचे ठरले, कारण जुन्याला वाळवी लागली होती. मिस्त्री सकाळी लवकर आले. त्यांनी भिंतीला टेप लावून मापे घेतली, कानावरची पेन्सिल काढून प्लायच्या एका तुकड्यावर आकडे मांडले आणि माझ्याकडे वळून ते म्हणाले, "ताई, कागदपत्रांचा ड्रॉवर सगळ्यात खाली देतो. मोठा होईल, सगळ्या फायली एका जागी..." त्यांचे वाक्य पुरे व्हायच्या आतच मी म्हणाले, "खाली नको." माझा आवाज इतका तुटक निघाला की मुलगी स्वयंपाकघरातून बाहेर आली. मिस्त्रींनी शांतपणे विचारले, "का हो?" आणि मी बोलून गेले, "पाणी शिरलं तर?" ते क्षणभर माझ्याकडे पाहत राहिले. "पाचव्या मजल्यावर?" मुलीला हसू आले, त्यांना आले नाही. मला मात्र काही केल्या उत्तर सुचेना. "वरच द्या," एवढेच कसेबसे म्हणून मी चहा टाकायला आत गेले.

ते दोन शब्द माझे नव्हते. ते आजीचे होते.

आमच्या घरात जमिनीवर कधी काही ठेवले जात नसे. धान्याचे डबे फळीवर, अंथरुणांच्या वळकट्या कॉटवर, रेशनकार्ड आणि दाखले असलेला पत्र्याचा डबा तर छताजवळच्या खुंटीला टांगलेला. पाहुण्याने आणलेली पिशवी दाराशी टेकवली की आजी आतून म्हणायची, "खाली नको." तिला पिशवी दिसतसुद्धा नसे, टेकवल्याचा आवाज तिला पुरेसा होता. मी गोखलेनगरात वाढले. पानशेतच्या पुरात घरे गेलेल्यांसाठी वसवलेल्या त्या वस्तीत माझ्या जन्माआधी काही वर्षे आमचे कुटुंब राहायला आले होते. त्यामुळे शेजारीपाजारीही थोड्याफार फरकाने अशाच सवयी होत्या, आणि घर म्हणजे असेच असते, असे मी धरून चालले होते. पुढे कॉलेजात असताना डेक्कनवर एका मैत्रिणीकडे गेले, तर तिची पेटी पलंगाखाली सरकवलेली होती आणि बाजूला पुस्तकांची चळत फरशीवरच होती. आम्ही दोन तास गप्पा मारल्या. त्यातले काहीही आज आठवत नाही. फरशीला टेकलेले सगळ्यात खालच्या पुस्तकाचे पुठ्ठ्याचे कोपरे तेवढे आठवतात.

पुराची गोष्ट मात्र आमच्याकडे दर जुलैत मोकळेपणाने सांगितली जाई. 12 जुलै 1961, बुधवार. आदल्या दिवसापासून धरणाविषयी उलटसुलट बोलले जात होते, पण आजोबांनी ते मनावर घेतले नाही आणि नेहमीप्रमाणे डबा घेऊन ते कामावर गेले. सकाळी आंबी नदीवरचे पानशेतचे अर्धवट बांधलेले मातीचे धरण फुटले, ते पाणी खडकवासल्यात आले, मग खडकवासल्याचा जुना बांधही गेला आणि भर दिवसा मुठा नारायण पेठेच्या गल्ल्यांतून वर चढत आली. आजी तीन मुलांना घेऊन टिळक रस्त्याकडच्या नातलगांकडे निघाली तेव्हा वाड्याच्या उंबऱ्याशी पाणी नव्हते. चौकापर्यंत जाऊन तिने मागे वळून पाहिले तेव्हा ते होते. रात्री पाणी ओसरले. दुसऱ्या दिवशी परतल्यावर गुडघाभर गाळ, फुगून फुटलेली ज्वारीची पोती आणि त्यांचा तो आंबूस कुजका वास. आजी हे सगळे हातवारे करून सांगायची. पुण्याचा पाणीपुरवठा बंद पडला आणि नळ आल्यापासून विसरलेल्या वाड्यावाड्यांतल्या विहिरी पुन्हा उपसल्या गेल्या, हे सांगताना तर तिच्या आवाजात एक विलक्षण चैतन्य येई. या गोष्टीत एक ट्रंकही होती. हिरव्या रंगाची, पलंगाखालची, आजीच्या लग्नातल्या शालूसकट वाहून गेलेली. ट्रंकेपाशी आली की आजी म्हणायची, "गेली ती गेली," आणि पुढच्या प्रसंगाकडे वळायची.

मानसशास्त्र शिकवण्यात माझी 26 वर्षे गेली. त्यात एक प्रॅक्टिकल असते, शब्दसाहचर्याचे. दोघांनी समोरासमोर बसायचे, एकाने शब्द वाचायचा, दुसऱ्याने मनात येईल तो पहिला शब्द बोलायचा आणि वाचणाऱ्याने स्टॉपवॉच दाबायचे. स्विस मनोविकारतज्ज्ञ कार्ल युंग झ्युरिकच्या बुर्कहोल्झली मनोरुग्णालयात काम करत असताना, गेल्या शतकाच्या पहिल्या दशकात, त्याने ही पद्धत नावारूपाला आणली. त्याची यादी 100 शब्दांची होती आणि वेळ सेकंदाच्या पाचव्या भागापर्यंत मोजला जाई. माणूस काय उत्तर देतो, यापेक्षा कुठे अडखळतो, कुठे तोच शब्द परत म्हणतो, दुसऱ्या फेरीत आपलेच कुठले उत्तर विसरतो, याकडे युंगचे लक्ष होते. त्या अडखळण्याच्या मुळाशी भावनेने भारलेल्या आठवणींचा आणि कल्पनांचा जो पुंजका असतो त्यालाच त्याने 'कॉम्प्लेक्स' म्हटले आणि आपण मराठीत 'गंड' म्हणतो. न्यूनगंड, अहंगंड हे शब्द आता चहाच्या टपरीवरही ऐकू येतात, पण त्यांच्या मुळाशी एक घड्याळ आणि एक छोटा विलंब आहे, हे विद्यार्थ्यांना दाखवताना मला दर वर्षी नव्याने थरारून येई. युंगने तपासलेल्या एका व्यक्तीची उत्तरे 'पाणी', 'जहाज', 'तळे', 'पोहणे' या शब्दांपाशी बिघडली. पुढे कळले, की निराशेच्या एका काळात त्या व्यक्तीने बुडून जीव देण्याचा विचार केला होता. तोंडाने कुणीही काही सांगितले नव्हते. शब्दांच्या मधल्या सेकंदांनी सांगितले.

युंगच्या त्या यादीत 'पाणी' हा तिसराच शब्द आहे.

मिस्त्री गेले त्या रात्री मी माळ्यावरून माझी स्वतःची प्रॅक्टिकलची जर्नल काढली. अर्थातच ती माळ्यावर होती. 1987 साल, शाईने आखलेले रकाने, जोडीदारणीचे गोल अक्षर. पाणी या शब्दापुढे वर्गातल्या इतरांनी 'पाऊस', 'नळ', 'तहान' असे काही म्हटल्याचे आठवते. माझ्या नावापुढे 'ट्रंक' असे लिहिलेले आहे आणि त्या पानावरचा सगळ्यात लांबलेला वेळही तोच आहे. तेव्हा सरांनी कारण विचारले होते आणि मी आजीची गोष्ट घडाघडा सांगितली होती. सगळ्यांना ती आवडली. विलंबाचे कारण सापडले, असे समजून मी निष्कर्षाच्या रकान्यात चार ओळी लिहिल्या आणि मला चांगले गुण मिळाले. आज ते पान पुन्हा वाचताना जाणवले, की जी गोष्ट मला इतकी पाठ होती, इतक्या सहज सांगता येत होती, तिच्यापाशी मी अडखळायला नको होते. सांगता येणाऱ्या गोष्टीपाशी माणूस अडखळत नाही. अडखळतो तो त्या गोष्टीने झाकलेल्या जागेपाशी.

ती जागा मला बरीच उशिरा कळली. आजी गेल्यानंतर, माझे वय चाळिशीच्या पुढे असताना, एका दुपारी आत्या शेंगा सोलत बसली होती आणि कुठल्याशा लग्नाच्या अल्बमवरून फोटोंचा विषय निघाला. शेंगांवरची नजर न काढता ती म्हणाली, "आमच्या ताईचा एकच फोटो होता. ट्रंकेत होता तो." मला आधी कळलेच नाही. माझ्या माहितीप्रमाणे आत्याच सगळ्यात मोठी होती. मग हळूहळू उलगडले. तिच्याआधी एक मुलगी होती, सहा वर्षांची होऊन घटसर्पाने गेली. लक्ष्मी रस्त्यावरच्या एका स्टुडिओत काढलेला, हातात कागदी फूल धरलेला तिचा एक फोटो आजीने शालूच्या घडीत ठेवला होता. पुराच्या सकाळी आजी म्हणाली होती, "ट्रंक तेवढी माळ्यावर चढवून द्या." आजोबा म्हणाले होते, "एवढं काही पाणी येत नाही. राहू दे." आत्या तेव्हा चौदा वर्षांची होती, दारात उभी होती. त्यानंतर त्या मुलीचे नाव घरात कुणी घेतले नाही, फोटोविषयी कुणी बोलले नाही आणि आजीने आजोबांना त्या एका वाक्याबद्दल एकदाही बोल लावला नाही. आत्याने नाव सांगितले तेव्हाही तिचा आवाज खाली गेला, जणू आजी आतल्या खोलीत निजली आहे. मी ते नाव इथे लिहीत नाही. ते लिहिण्याचा अधिकार मला आहे, असे अजून वाटत नाही.

मूळचे हंगेरीचे आणि पॅरिसमध्ये काम केलेले निकोलस अब्राहम आणि मारिया तोरोक हे दोन मनोविश्लेषक अशा दुःखाविषयी बोलतात. ज्या हानीचा शोक करता येत नाही, ज्याच्याविषयी कुणाजवळ बोलताच येत नाही, ते दुःख माणूस आपल्या आत एका बंदिस्त तळघरात ठेवून देतो. त्याला स्वतःलाही मग तिथे जाता येत नाही. पुढच्या पिढीला त्या तळघराचा पत्ता नसतो, पण त्याचा ओलावा मात्र तिच्या भिंतींना येतो: एखादी न समजणारी भीती, एखादा जपलेला नियम, एखादा शब्द. युंगच्या वर्तुळातल्या एम्मा फ्यूर्स्ट या संशोधिकेने 24 कुटुंबांतल्या 100 जणांवर तीच शब्दांची चाचणी घेतली होती आणि एका घरातल्या माणसांची, विशेषतः आई आणि मुलीची, उत्तरे देण्याची ढब कितीतरी सारखी असल्याचे तिला दिसले होते. वर्गात हे शिकवताना मला त्यात कौतुकासारखे काही वाटे. आत्याचे बोलणे ऐकल्यावर त्याच निष्कर्षाची मला भीती वाटली. माझ्या मुलीने आजीला पाहिलेलेसुद्धा नाही. तिचे पारपत्र आणि प्रमाणपत्रे तिच्या खोलीत कुठे आहेत, हे मी त्या रात्री मुद्दाम पाहिले. ती सगळ्यात वरच्या फळीवर होती.

आजीच्या मौनाकडे मी पूर्वी दडपण म्हणून पाहत असे. बाईला बोलू दिले नाही, असा सरळ हिशोब. तो खोटा नाही, पण पुरताही नाही. मनोविश्लेषक सुधीर कक्कर यांनी भारतीय मनाविषयी लिहिताना एक गोष्ट पुन्हा पुन्हा मांडली, की आपल्याकडे 'मी'ची सीमा त्वचेपाशी संपत नाही, ती घरातल्या माणसांपर्यंत पसरलेली असते. आजीने एकदा जरी म्हटले असते, की तुम्ही राहू दे म्हणालात म्हणून ती पुन्हा गेली, तर आजोबांना ते आयुष्यभर वाहावे लागले असते आणि ते वाहणारे आजोबा तिलाच रोज समोर पाहावे लागले असते. तिने निवड केली. गाळ उपसून, पत्र्याखाली संसार मांडून, तीन मुले वाढवायची होती. बोलण्यासाठी तिने गोष्ट ठेवली आणि न बोललेले सगळे दोन शब्दांत कोंबले. हरिपाठात जाणीव आणि नेणीव हे शब्द जोडीने येतात आणि आजी तो रोज संध्याकाळी म्हणायची. 'अनकॉन्शस'ला मराठीत अबोध मन, अचेतन असे बरेच शब्द घडवले गेले. मला नेणीव हाच जवळचा वाटतो, कारण तो मी पहिल्यांदा ऐकला तेव्हा उदबत्तीचा वास होता आणि तिच्या मांडीची ऊब होती.

मग वाटू लागले, की हे आमच्या एका घराचे थोडेच आहे. पुण्याच्या पेठांत कालगणनाच 'पुराच्या आधी' आणि 'पुरानंतर' अशी चालत आली. जुन्या भिंतींवर पाणी कुठवर आले होते त्याच्या खुणा दाखवल्या जात आणि ती खूण दाखवणाऱ्याच्या चेहऱ्यावर दुःखाबरोबर एक मालकीचा भावही असे. आम्ही ते पाहिले आहे, आम्ही इथले आहोत. सायप्रसमध्ये जन्मलेले वामिक वोल्कान हे मनोविश्लेषक समूहांच्या अशा 'निवडलेल्या आघाता'विषयी बोलतात. एखादा समूह आपल्या इतिहासातली एक जखम जवळ करतो, ती मुलानातवंडांच्या हाती देतो आणि हळूहळू ती त्याच्या ओळखीचे चिन्ह होऊन बसते. त्यांची उदाहरणे युद्धांची आणि पराभवांची आहेत, एका शहराच्या पुराला ती जशीच्या तशी लावणे मला योग्य वाटत नाही. थॉमस सिंगर आणि सॅम्युएल किंबल्स या युंगपंथीय विश्लेषकांनी ज्याला 'सांस्कृतिक गंड' म्हटले, त्याच्या मात्र आपण बरेच जवळ आहोत: एक शब्द उच्चारायचा अवकाश, की सगळ्या समूहाच्या मनात एकच चित्र, एकच भावना, एकच ठरलेली गोष्ट उभी राहते. पुण्यात तो शब्द आहे 'पानशेत'. 25 जुलै 2024 रोजी सिंहगड रस्त्यावर एकतानगरीत पाणी शिरले तेव्हा ज्यांचा 1961 शी काही संबंध नाही, अशा तरुण मुलांच्या तोंडूनही मी तो ऐकला.

आणि ठरलेली गोष्ट काहीतरी झाकते, हे मला मिस्त्रींनी दाखवले.

कपाट उभे करायला ते आले त्या दिवशी दुपारी लाइट गेली, मशीन बंद पडले, म्हणून ते जरा टेकले. मी पाणी दिले आणि न राहवून म्हणाले, "त्या दिवशी मी जरा तोडूनच बोलले. आमचं घर पानशेतच्या पुरात गेलं होतं, म्हणून." त्यांनी पेला अर्धा रिकामा केला, खाली ठेवायला हात नेला आणि मग तो खिडकीच्या कट्ट्यावर ठेवला. "मला वाटलंच होतं ताई, पाण्याचं काहीतरी असणार," ते म्हणाले. "आमचं गाव पानशेतमध्येच गेलं." पुरात का, असे मी विचारले. "नाही. धरणात." त्यांचे आजोबा वेल्हे तालुक्यातले, आंबीच्या खोऱ्यातले. धरण झाले तेव्हा जमीन पाण्याखाली गेली आणि ते दौंडकडे बिऱ्हाड घेऊन गेले. डोंगरातला, भाताचा माणूस, दौंडच्या सपाट, काळ्या रानात कधीच रमला नाही. उन्हाळ्यात धरण उतरले की देवळाचा चौथरा उघडा पडतो असे कुणीतरी सांगायचे, मग म्हातारा एसटीने तिथवर जायचा, चौथऱ्यावर बसायचा आणि चिमूटभर माती कागदात बांधून आणायचा. "पाणी खाली गेलं का, हेच विचारायचा शेवटपर्यंत," मिस्त्री म्हणाले. "आम्ही पोरं म्हणायचो, म्हातारा दर उन्हाळ्यात येडा होतो."

मी मनाने पुन्हा पुन्हा त्या वाक्याकडे जात राहिले. आमच्या घरात पाणी वर येईल, ही भीती होती; त्यांच्या घरात ते खाली जाईल, ही आशा होती. आणि दोन्ही घरांचे पाणी एकाच खोऱ्यातले होते. फुटलेले धरण पुढे पुन्हा बांधले गेले, कारण पुण्याला पाणी हवे होते, आणि ते पाणी मी गोखलेनगरच्या नळावर रांगेत उभे राहून भरले आहे, आजीने ते देवाच्या तांब्यात घेतले आहे. पानशेत हे धरणाच्या आधी एका गावाचे नाव होते, हे मला माहीत असूनही माहीत नव्हते. दर जुलैत ऐकलेल्या, सांगितलेल्या, वर्गात कौतुकाने उलगडून दाखवलेल्या आमच्या गोष्टीत खोऱ्यातला एकही माणूस नव्हता. आपण दुखावलेले आहोत, ही ओळख इतकी भरीव होती, की तिच्यात दुसऱ्या कुणाला उभे राहायला जागा उरली नव्हती. आजीवर यात काही दोष येत नाही. तिच्या तळघरात सहा वर्षांची एक मुलगी होती. मी मात्र 26 वर्षे या शास्त्राच्या जवळ बसले होते आणि हातात घड्याळ होते. 'पानशेत' म्हटल्यावर आपण कशापाशी थबकतो आणि कशापाशी मुळीच थबकत नाही, हे मी कधी मोजले नाही.

लाइट आली. मिस्त्रींनी ड्रॉवर वरच्या बाजूला, माझ्या खांद्याच्या उंचीवर बसवला. आतल्या बाजूला सनमायका नसल्याने त्यांनी मापासाठी पेन्सिलने ओढलेली आडवी रेघ तशीच दिसते. खालच्या ड्रॉवरचे काय करायचे, असे त्यांनी विचारले आणि मी म्हणाले, "करा, असू दे." तो अजून रिकामा आहे.

त्या संध्याकाळी मी आत्याला फोन केला. ती आता सत्त्याहत्तर वर्षांची आहे, ऐकू कमी येते, म्हणून सगळे मोठ्याने आणि दोनदा सांगावे लागते. दौंड, भात, देवळाचा चौथरा, कागदात बांधलेली माती. मध्ये ती "हं" म्हणत नव्हती, म्हणून फोन कट झाला की काय असे वाटून मी दोन वेळा "आत्या?" म्हणाले. पलीकडे तिच्याकडच्या टीव्हीचा आवाज येत होता. मग ती म्हणाली, "त्यांना घरातले फोटो काढून घेता आले का गं, जाताना?"

ते मी विचारले नव्हते. मूठ बसवायची राहिली आहे, त्यासाठी मिस्त्री रविवारी येणार आहेत.